एक जून, एक जानेवारी

पंढरपूरहून टेंभुर्णीच्या रस्त्याला लागले, की विसेक किलोमीटरवर करकंब येते. आषाढात त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी आणि पैठणहून निघालेली एकनाथांची पालखी या गावावरून पंढरीकडे जातात. त्या दिवसांत रस्त्याकडेला टेकलेल्या एखाद्या म्हाताऱ्या वारकऱ्याला वय विचारून पाहावे. उत्तर पुष्कळदा वर्षांत येत नाही. ही कितवी वारी ते सांगितले जाते, किंवा पहिल्या वारीला कोणाचे बोट धरून आलो ते. आयुष्याचे माप तिथे असते, पण ते आपल्या मापाशी जुळत नाही.

करकंबातच एका ओळखीच्या घरी, ढाळजेत वाती वळत बसलेल्या आजींना मी हाच प्रश्न केला होता. "मला काय ठावं बाबा?" त्या म्हणाल्या, आणि मग माझा हिरमोड बघवला नाही म्हणून की काय, पुढे बोलल्या, "बहात्तरचा दुस्काळ पडला तवा खडी फोडाया जात हुते. थोरला कडंवर हुता." लोकसंख्येच्या अभ्यासकाला एवढा पुरावा पुरतो. थोरला कडेवर म्हणजे वर्ष-दीड वर्षाचा. लग्न पंधराव्या-सोळाव्या वर्षी झाले, असे त्याच नंतर म्हणाल्या. तेव्हा १९७२ साली त्या अठराच्या आसपास असणार, म्हणजे जन्म १९५४ च्या आगेमागे. त्यांच्या आधार कार्डावर मात्र १ जानेवारी १९६५ ही जन्मतारीख आहे. कार्ड खरे मानले, तर पोर कडेवर घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडणारी ही बाई त्या वेळी सात वर्षांची होती.

या तफावतीकडे विनोद म्हणून पाहता येते, आणि गावात तसे पाहिलेही जाते. परंतु वार्धक्याच्या सामाजिक संशोधनाचा आपल्याकडचा इतिहास लिहायचा झाला, तर तो 'वय किती?' या एका प्रश्नाचाच इतिहास म्हणून लिहावा लागेल, असे मला वाटते. कारण हा प्रश्न निरागस नाही. तो विचारणाऱ्याच्या हातात नेहमी एक कोरा रकाना असतो.

१७ फेब्रुवारी १८८१ रोजी हिंदुस्थानभर एकाच वेळी शिरगणती झाली. तिच्यातील वयाच्या नोंदी पाहून जाणकार चक्रावले. तीस, चाळीस, पन्नास, साठ या आकड्यांवर माणसांचे ढीग पडलेले आणि एकोणचाळीस, एकेचाळीस जवळजवळ ओस. जॉर्ज हार्डी या विमागणितज्ञाला हे ढीग उपसून, आकडे पसरवून, गुळगुळीत करून आयुर्मानाचे कोष्टक बसवावे लागले. पुढे या प्रवृत्तीचे मोजमाप करण्याची रीतही निघाली. व्हिपल निर्देशांकात शून्य आणि पाच या अंकांनी संपणारी वये किती अधिक सांगितली जातात ते पाहतात. शंभर आले म्हणजे ओढा मुळीच नाही, पाचशे आले म्हणजे सगळ्यांनीच ठोकळ वये सांगितली. जनगणनेच्या परिभाषेत ही 'चूक' आहे. चूक तर खरीच, पण ती कोणाची? 'चाळीस-पन्नास असंल' असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नव्हता. त्याच्या दृष्टीने तो प्रश्नच गौण होता. प्रगणकाला आकडा हवा होता, म्हणून त्याने एक आकडा देऊन टाकला.

इथे एक मोह टाळायला हवा. गावाला वय ठाऊक नसे, गाव काळाशी एकरूप होते, वगैरे लिहिणे सोपे आहे. वस्तुस्थिती तशी नाही. त्याच गावात काही घरांत जन्मवेळ घटका-पळांसह लिहून ठेवलेली असे. तिथे जन्मपत्रिका होत्या, साठाव्या वर्षी शांत होई, सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होई. ज्याला स्वतःचे वय नेमके ठाऊक आहे असा माणूस आणि ज्याला ते ठाऊक नाही असा माणूस एकाच शिवारात नांदत होते, आणि या दोघांमधली रेघ बहुतेक जातीच्या आणि जमिनीच्या रेघेवरूनच गेलेली होती. नेमके वय ही एक प्रकारची मालमत्ताच होती म्हणा ना! बाकीच्यांची पंचांगे वेगळी होती. मागच्या पिढ्या मानमोडीच्या साथीवरून, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएंझावरून हिशेब मांडीत. त्यानंतरच्यांना गांधीवध, कोयनेचा भूकंप आणि बहात्तरची सुकडी या खुणा उरल्या.

गावदप्तरात नोंद नसे असे नाही. 'कोतवाल बुक' म्हणून ओळखली जाणारी जन्म-मृत्यूची दप्तरे गावोगावी होती. अलीकडे २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात ती पुन्हा धूळ झटकून बाहेर आली. परंतु जन्माची नोंद बारशाआधीच होई, आणि म्हणून तिथे पुष्कळदा बापाचे नाव असते व पुढे फक्त 'मुलगी'. ती मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते, तिथे तिचे नाव बदलते, आडनाव बदलते. साठ-सत्तर वर्षांनी त्या नोंदीतली 'मुलगी' म्हणजे ढाळजेत वाती वळणाऱ्या याच आजी, हे सिद्ध करणार कोण?

स्वातंत्र्यानंतर समाजसंशोधनाने खेड्यातील स्त्रीला वय विचारायला सुरुवात केली, ती वेगळ्याच कारणासाठी. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे ना. वि. सोवनी आणि कुमुदिनी दांडेकर यांनी नाशिक, कुलाबा आणि उत्तर सातारा या जिल्ह्यांतील जननप्रमाणाची पाहणी केली. तिचा अहवाल १९५५ सालचा. त्या काळाची चिंता लोकसंख्यावाढीची होती आणि पुढची चार दशके तीच राहिली. परिणामी पाहण्यांमध्ये पंधरा ते एकोणपन्नास हा स्त्रीचा वयोगट जणू विधिलिखित होऊन बसला. पन्नाशी ओलांडली की बाई प्रश्नावलीतून उठून जाई. तिला किती मुले झाली हे शासनाला ठाऊक असे, पण ती मुले तिला जेवायला काय वाढतात, हे विचारायला कोणी येत नसे.

म्हणूनच कुमुदिनी दांडेकरांच्या अभ्यासाचा प्रवास मला बोलका वाटतो. १९९६ साली त्यांचे 'द एल्डर्ली इन इंडिया' हे पुस्तक आले. दोन्हींमध्ये एकेचाळीस वर्षांचे अंतर आहे. पहिल्या पाहणीत तिशीच्या असलेल्या बायका या दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. एका अभ्यासकाच्या हयातीत एक पिढी 'जननक्षम' या रकान्यातून 'वृद्ध' या रकान्यात सरकली. मधल्या वीस वर्षांत ती कुठे होती, याची नोंद संशोधनात शोधूनही फारशी सापडत नाही.

ती सापडते साहित्यात, निदान काही अंशी. इरावती कर्वे यांनी आप्तसंबंधांची जी शास्त्रीय मांडणी केली, तिच्यात म्हातारी माणसे ही वंशावळीच्या वरच्या टोकाची चिन्हे आहेत. पण 'परिपूर्ती' (१९४९) मधल्या 'वाटचाल' या वारीवरच्या लेखात त्याच इरावतीबाई माणसांबरोबर चालतात, आणि 'युगान्त'मध्ये वनात गेलेल्या गांधारीपाशी येऊन थांबतात. शास्त्रज्ञ म्हणून जे विचारता आले नाही, ते ललितलेखिका म्हणून त्यांनी विचारले, असे मी म्हणेन. याउलट १९७० साली रंगभूमीवर आलेल्या 'नटसम्राट'ने आपल्या मनात वार्धक्याची एकच प्रतिमा इतकी घट्ट बसवली, की म्हातारपण म्हणजे घराबाहेर पडणे, हे समीकरणच झाले. नाटकाच्या थोरवीविषयी वाद नाही. पण देशभरच्या पाहण्या सांगतात, की एकटे राहणारे वृद्ध शंभरात सहाच्या आसपास आहेत. उरलेले बहुसंख्य घरातच असतात. प्रश्न घराबाहेरचा नसून घराच्या आतला आहे.

आणि आतले हे जग रकान्यात मावत नाही. 'कोणासोबत राहता?' – 'मुलासोबत.' या एका उत्तरात काय काय दडते पाहा. सोलापूरकडच्या जुन्या घरांत कर्ता माणूस आत, सोप्यावर झोपतो. हातातला कारभार सुटला, की त्याची बाज हळूहळू ढाळजेकडे सरकते. कोणी ढकलत नाही; रात्री उठावे लागते, खोकला येतो, लेकरांचा अभ्यास असतो, अशी प्रत्येक वेळी रास्त कारणे असतात. बाईचे वार्धक्य मात्र चुलीपासून सुरू होते. ज्या दिवशी भाकरी थापण्याचे काम सुनेकडे जाते, त्या दिवशी पिठाच्या डब्यावरचा तिचा हक्कही जातो. मग निवडणे-टिपणे उरते, नातवंडे उरतात, वाती उरतात. वाटण्या झाल्या असतील, तर 'पाळी' लागते. महिना थोरल्याकडे, महिना धाकट्याकडे. कधी आई एकाकडे आणि वडील दुसऱ्याकडे. महिना भरला की गाठोडे उचलायचे. पाहणी करणारा ज्या दिवशी येतो, त्या दिवशी म्हातारी ज्या घरी सापडते, तिथली ती रहिवासी म्हणून लिहिली जाते. पाळीला कुठल्याच प्रश्नावलीत मी स्वतंत्र रकाना पाहिलेला नाही.

लंडनच्या पूर्वभागात, बेथनल ग्रीनमध्ये, पीटर टाउनसेंड यांनी दोनशे तीन वृद्धांच्या मुलाखती घेऊन १९५७ साली जे पुस्तक लिहिले, त्यात आई आणि जवळच राहणारी लेक यांचा आधार हा गाभा होता. आपल्याकडे लेकीच्या घरी राहणे अजूनही अनेकांना खालमानेचे वाटते. तरी आजारपणात पहिला फोन लेकीलाच जातो. हेही आकड्यांत उमटत नाही.

गेल्या दोन दशकांत मात्र प्रश्न पुष्कळ सुधारले, हे मान्य केले पाहिजे. पुणे जिल्ह्यात वढू परिसरात २००७ साली पन्नाशीवरच्या पाच हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांना त्यांच्या तब्येतीविषयी आणि रोजच्या अडचणींविषयी विचारले गेले. स्त्रिया, जोडीदार नसलेले आणि शाळा न पाहिलेले लोक स्वतःची प्रकृती अधिक वाईट सांगतात, असे त्यातून दिसले. २०११ साली सात राज्यांत झालेल्या पाहणीत महाराष्ट्र होता. २०१७-१८ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पंचेचाळीस वर्षांवरच्या ७२,००० हून अधिक व्यक्तींची दीर्घकालीन पाहणी सुरू केली. एकोणपन्नासाव्या वर्षी प्रश्नावलीतून उठून गेलेली बाई तिथे अखेर परत येऊन बसली. अशा पाहण्यांत 'गेल्या तीस दिवसांत एक किलोमीटर चालताना किती त्रास झाला?' या धर्तीचे प्रश्न असतात. आजींना तो विचारला, तर त्या काय सांगतील ते मला माहीत आहे. घरापासून पाणंदीपर्यंत जाताना त्या दोनदा बसतात, पण वारीला चालत जातात. यातले खरे उत्तर कोणते?

हे सारे अभ्यासकांपुरते असते, तर एवढा विस्तार केला नसता. पण संशोधनाचा तो कोरा रकाना आता कचेरीत येऊन पोचला आहे. २००७ च्या कायद्याने ज्येष्ठत्व साठाव्या वर्षी सुरू होते. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत ते पासष्टाव्या वर्षी. एसटीत पासष्टाला अर्धे तिकीट आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीनंतर मोफत प्रवास. ज्यांना जन्मभर वयाची गरज पडली नाही, त्यांचे जेवण आणि प्रवास आता वयावर अवलंबून आहेत.

आणि ते वय येते कुठून? शाळेत गेलेल्या पुरुषांची जन्मतारीख शेकड्यांनी एक जून सापडते. जूनमध्ये शाळा उघडत, पोराला दाखल करायला आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसे, आणि मास्तर पोराचे डोके, दात, उंची पाहून हिशेबात बसेल अशी तारीख घालून मोकळे होत. शाळेत न गेलेल्या बायकांची तारीख एक जानेवारी. महाराष्ट्रातल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी आधारचा प्रारंभ झाला. ज्यांना केवळ अंदाजे वय सांगता आले, त्यांच्या वर्षापुढे यंत्राने एक जानेवारी लावली. मास्तरांनी निदान पोराकडे निरखून पाहिले होते. १८८१ च्या प्रगणकाचा अंदाज हार्डींनी कागदावर गुळगुळीत करून घेतला, त्याने कोणाचे काही बिघडले नाही. शिबिरातल्या मुलाने घाईत टाकलेले १९६५ मात्र आजींना चिकटून बसले. ती तारीख नियमाने एकदाच बदलता येते, तीही कागद दाखवून. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, शाळेचा दाखला त्याहून ग्राह्य, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हटले. दाखला असणाऱ्यांसाठी ते ठीकच आहे. आजींपुढे वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाखल्याची वाट उरते, आणि त्यासाठी कोणीतरी दोन-तीन दिवसांचा रोज बुडवून त्यांच्याबरोबर हिंडायला हवे. 'निराधारचा पगार' चालू झाला का, असे शेजारणी विचारतात. महिना पंधराशे रुपयांचा हा पगार. तो ज्या म्हातारीच्या हातात पडतो, तिची पाळी सुनांना जड वाटत नाही, असे मी एकाहून अधिक घरांत ऐकले आहे.

आजींचे मालक दोन यत्ता शिकलेले. त्यांची तारीख १ जून १९४८. नवराबायकोत सहा वर्षांचे अंतर, असे दोघेही सांगतात. कागदावर ते जवळपास सतरा वर्षांचे आहे. एकादशीला दोघे एसटीने पंढरपूरला जातात. त्यांना तिकीट लागत नाही. आजींना अर्धे लागते, पण ते वयामुळे नव्हे. मार्च २०२३ पासून सर्वच बायकांना अर्धे तिकीट आहे म्हणून. कंडक्टर कार्ड बघायला मागतो, तेव्हा त्या दोन्ही कार्डे पिशवीतून एकदमच काढतात. कोणते कोणाचे, ते त्यांना फोटोवरून कळते.