पेन्शनचं पुस्तक

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय घरचाच आहे, पण तो पार १८७१ सालापर्यंत जातो.

दिवाळीत आजोळी गेलो होतो. आंदर मावळात, टाकव्याच्या पुढे. भाताची कापणी चालू होती. मामा, म्हणजे आईचे चुलतभाऊ, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. एरवी भाचा आला की कोंबडीच्या मागे धावणारा हा माणूस यंदा "आलास व्हय?" एवढं म्हणून गप्प बसला. मामीनं मागच्या दाराला हळूच सांगितलं, "फोनवरनं कुनीतरी पैसं काढून घेतलं. दोन म्हयने झाले, धड बोलत न्हाईत."

संध्याकाळी मामा आपणहून बोलले. फोन करणारा म्हणाला, प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसमधून बोलतोय, तुमचा हयातीचा दाखला अडकलाय, पेन्शन बंद होईल. "साहेब बोलतोय म्हनला. मी खाटेवरनं उठून उभाच राह्यलो बघ." मग मोबाईलवर आलेला नंबर सांगितला आणि खातं रिकामं झालं.

"मामा, ओटीपी कुणाला सांगायचा नसतो ना?"

"तूच न्हवं का म्हनलास, इचारला की सांगायचा?"

खरं होतं. गेल्या खेपेला हयातीच्या दाखल्यासाठी मीच त्यांना सेवा केंद्रात नेलं होतं. तिथल्या मुलानं ओटीपी विचारला, मामा गोंधळले, आणि मीच म्हणालो, "सांगा की, सरकारी कामाचाच आहे."

रात्री झोप लागेना. आठवत होते ते मामांचे वडील, आमचे नाना. मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन आलेले. त्यांचं पेन्शनचं पुस्तक वर्षानुवर्षं एका दुकानदाराच्या पेटीत असायचं. पावसाळ्यात मावळात हातात पैसा नसतो, मीठ-तेल उधारीवर आणायचं, त्यापोटी पुस्तक ठेवायचं. पेन्शनच्या दिवशी दुकानदार पुस्तक घेऊन नानांबरोबर वडगावला जायचा, पैसे मोजून घ्यायचा आणि उरलेले नानांना द्यायचा. किती उरायचे ते त्याची वही ठरवायची. घरात याला कुणी फसवणूक म्हणत नसे. उलट "अडीनडीला तोच उभा राहतो" असंच आजी म्हणायची.

पुढे वाचताना कळलं की असा व्यवहार तेव्हाही कायद्यात बसत नव्हता. १८७१ च्या पेन्शन कायद्याचं कलम ११ सांगतं की सावकारानं दावा लावला तरी कोर्टाला पेन्शनवर जप्ती आणता येणार नाही. कलम १२ त्याच्याही पुढे जातं. जी पेन्शन अजून देय झालेली नाही तिच्यावर केलेला कुठलाही करार, विक्री किंवा तारण रद्दबातल! गंमत बघा, सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रं जाळली ती १८७५ मध्ये, आणि दख्खनच्या शेतकऱ्यासाठी कायदा आला १८७९ मध्ये. म्हणजे शेतकऱ्याच्या जमिनीआधी सरकारनं पेन्शनराचा पैसा सावकारापासून राखला. यात निव्वळ दया असेल असं मला वाटत नाही. म्हाताऱ्या शिपायाची पेन्शन सावकाराच्या घरी जाताना दिसली, तर गावातला तरुण भरतीला कशाला जाईल?

पुढे १९२५ च्या कायद्यानं सैनिक लढाईवर असताना त्याच्या पाठीमागे दाव्याचा निकाल लागू नये अशी सोय केली. अमेरिकेतही यादवी युद्धातल्या सैनिकांना पेन्शन मिळवून देणारे वकील लुबाडायचे, म्हणून १८६४ मध्ये त्यांची फी दहा डॉलरवर बांधली गेली. ती मर्यादा १९८८ पर्यंत टिकली. शिपायाच्या पैशामागे लागणारे लोक सगळीकडे सारखेच.

पण या जुन्या कायद्याची एक हद्द आहे. १९८७ मध्ये एका निवृत्त विंग कमांडरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ती स्पष्ट केली. पैसा सरकारच्या हातात आहे तोवर कलम ११ चं संरक्षण, पेन्शनराच्या हातात पडला की संपलं. कायदा पैशाला तिजोरीपासून उंबऱ्यापर्यंत सोबत करतो. नानांचा दुकानदार त्या वाटेवरच उभा होता. मामांना लुबाडणारा उंबऱ्याच्या आत, थेट कानाशी आला.

सरकार काही करत नाही असं नाही. २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' आलं, २०२१ पासून 'स्पर्श'मधून पेन्शन थेट खात्यात येऊ लागली. मधला माणूस गेला, पुस्तक गहाण ठेवायची सोयच उरली नाही. ओटीपी देऊ नका, असे इशारे निघतात. फसवणूक झाली तर १९३० वर फोन करायचा. लगेच केला तर पैसे पुढे जाण्याआधी रोखले जाऊ शकतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारताही येतं.

पण 'लगेच' हाच शब्द मामांच्या बाबतीत अडला. हवालदार असून फसलो हे सांगायचं कसं? दुकानदाराची उधारी गावाला माहीत होती, तिची लाज नव्हती. या चोरीची लाज चोराला नाही, मामांना वाटत होती. आणि शिपायाला आयुष्यभर शिकवलेलं, की साहेबाचा हुकूम आला की प्रश्न विचारायचा नाही. चोरानं नेमकं तेच हेरलं. बाकीचं मी शिकवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी १९३० वर तक्रार नोंदवली. दोन महिने उलटल्यावर पैसे परत मिळतील अशी फारशी आशा नाही. निघताना मी म्हणालो, "मामा, चुकलं माझं. यापुढं ओटीपी तोंडानं सांगायचा नाही. केंद्रात गेलात तरी आपल्या हातानं दाबायचा."

मामा म्हणाले, "मंग त्या केंद्रातल्या पोराला बी सांग की. त्यो तर मोठ्यानं इचारतो."

पुढच्या खेपेला आधी तिथेच जाणार आहे.