सराई टिकली, कारण ती वापरात राहिली

कांचनबारीची लढाई आपल्या कसमादेतल्या पोरासोरांनाही माहीत आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराज सुरतेच्या दुसऱ्या स्वारीवरून बागलाणमार्गे परतत होते. दाऊदखानाने वाट अडवली आणि १७ तारखेला तो रणसंग्राम झाला. पण त्याच स्वारीतली एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

सुरत शहर मराठ्यांच्या हाती आलं, तरी एक सराई हाती आली नाही. तुर्की व्यापारी उतरले होते, ती नवी सराई. दुसऱ्या, तातार सराईत मक्केहून परतलेला काशगरचा माजी राजा मुक्कामी होता. त्याच्या माणसांनी दिवसभर झुंज दिली आणि रात्री किल्ल्यात आसरा घेतला.

आता तुम्ही म्हणाल, प्रवाशांची उतरायची जागा लढवता कशी येते? उत्तर बांधणीत आहे. सराई म्हणजे बाहेरून जाड, आंधळी भिंत आणि आत यायला एकच मोठा दरवाजा. मधे मोकळा चौक, तिथे उंट, बैल, घोडे. चारी बाजूंनी ओळीने खोल्या, सगळ्यांची तोंडं चौकाकडे. आत पाण्याची सोय. दिवे लागले की दरवाजा बंद. मालासकट व्यापारी निवांत झोपायचा. आपल्या जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा, चौक, ओसरी आठवा, हिशोब तोच आहे.

अशीच एक सराई सुरतेत आजही उभी आहे. शाहजहानच्या काळात, १६४४ साली हकीकतखानाने बांधलेली मुगलसराई. हज यात्रेकरू आणि प्रवासी तिथे उतरायचे. महाराजांच्या दोन्ही स्वाऱ्या तिने पाहिल्या. १८६७ पासून तिथे सुरत पालिकेचा कारभार चालतो. ज्या खोल्यांत प्रवासी पथारी टाकायचे, तिथे टेबल-खुर्च्या आल्या. एका चौकाभोवती स्वतंत्र दाराच्या खोल्या असल्या की कचेरी काय, शाळा काय, राहतं घर काय, सगळं बसतं.

आपल्याकडेही रेल्वे आली, मोटारी आल्या, बैलगाडीचे मुक्काम संपले. धर्मशाळा ओस पडल्या. कुठे शाळा भरली, कुठे गोडाऊन झालं, कुठे एखादं कुटुंब राहायला आलं. जिथे चूल पेटत राहिली, तिथे छपराची कौलं दरवर्षी चाळली गेली आणि वास्तू तगली. जिथे कुलूप लागलं, तिथे पहिल्या दोन-चार पावसाळ्यांतच भिंती बसल्या.

सुरतेला कांदा घेऊन, कामधंद्याला आपली किती माणसं जातात! कधी वेळ काढून मुगलीसरा भागात जाऊन ही इमारत बघा. आणि आपल्या गावची जुनी धर्मशाळा 'धोकादायक' म्हणून पाडायचा ठराव आला, तर ग्रामसभेत एवढंच विचारा: दुरुस्त करून वापरता येईल का? अगदी पाडावीच लागली, तर आधी फोटो काढा, मापं घ्या, दारावरचा शिलालेख जपून ठेवा. जेसीबीला अर्धा दिवस पुरतो. नंतर दाखवायला काहीच उरत नाही.

तुमच्या गावात अशी वास्तू असेल, तर कमेंटमध्ये गावाचं नाव आणि फोटो टाका. यादी आपणच करू.