म्हशीनं ढुशी दिली

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एखाद्या गावातून दवाखान्यात आलेली बाई दंडावरचा वळ दाखवते आणि म्हणते, 'म्हशीनं ढुशी दिली.' नाहीतर 'मोरीत पाय घसरून पडलो.' (कोल्हापूरकडची बाई स्वतःबद्दलही 'पडलो'च म्हणते.) तळहात खरचटलेले नसतात, गुडघे धड असतात, आणि वळ दंडाच्या आतल्या बाजूला असतो. पडणारा माणूस हात पुढे टाकतो, हे डॉक्टरला कळत असतं. तरी केसपेपरवर म्हैसच उतरते. म्हशीची बाजू आजवर कुणी ऐकलेली नाही.

मारहाण किती जुनी, हे शोधण्यात अर्थ नाही. मागोवा घ्यायचा तो 'कशानं लागलं?' याच्या पुढच्या प्रश्नाचा. 'कुणी मारलं का?' हे विचारायला आपण कधी शिकलो?

इकडे कायदा आधी आला. पन्हाळा तेव्हा करवीर संस्थानात होता. 1919 साली शाहू महाराजांनी बायकांना क्रूरपणे वागवणाऱ्यांना शिक्षा ठरवणारा कायदा केला. भारतीय दंड संहितेत 498 अ हे कलम यायला 1983 उजाडलं, म्हणजे संस्थान 64 वर्षं पुढे होतं. पण कायद्याला तक्रार लागते, आणि तक्रार करणाऱ्या बाईला परत जायला एक घर लागतं. ते नसलेली बाई फार तर कोल्हापुरात थोरल्या दवाखान्यापर्यंत, म्हणजे आजच्या सीपीआरपर्यंत पोचणार. तिथे जखमेवर पट्टी मिळते. जखम झाली कशी, हे पोलिसांचं काम.

ही वाटणी मोडायला फार वर्षं लागली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या बेला गणात्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांतले 121 मातामृत्यू तपासले. 1998 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. शोधत होते ते वेळेवर न मिळालेली गाडी, न मिळालेलं रक्त. सापडलं आणखीही काही: गरोदरपणात झालेल्या मृत्यूंच्या कारणांत घरातली हिंसा दुसऱ्या क्रमांकावर होती. मला या सगळ्या इतिहासात हा अभ्यास सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांच्याच यादीत नवऱ्याचा हात येऊन बसला, तोही आरोग्याच्या माणसांनी बसवलेला.

मग 2000 साली मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' सुरू झालं. 'सेहत' ही संशोधन संस्था आणि महापालिका यांनी मिळून ते उभं केलं. युक्ती साधी होती. पोलीस ठाण्यात किंवा संस्थेच्या कार्यालयात जायचं तर बाईला घरी काय सांगायचं हा प्रश्न. दवाखान्यात जाते म्हटलं की कुणी अडवत नाही. परिचारिका, डॉक्टर यांना खुणा ओळखायला शिकवलं गेलं: पुन्हापुन्हा येणारी अंगदुखी, विष घेतल्याची केस, जुळत नसलेली जखम. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या सातव्या कलमात दवाखान्यांवरही जबाबदारी आली.

दरम्यान प्रश्न घरोघरी निघाला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या दुसऱ्या फेरीत, 1998-99 साली, बाईला ढोबळ विचारलं गेलं: वयाच्या पंधराव्या वर्षापासून कुणी मारलं, वाईट वागवलं का? देशभरात 21 टक्के 'हो' आले. 2005-06 च्या फेरीत प्रश्नाचे तुकडे झाले. थोबाडीत मारली का? हात पिरगाळला का? केस ओढले का? लाथ मारली, फरपटत नेलं का? शारीरिक हिंसेचा आकडा 34 टक्क्यांवर गेला. दोन्ही फेऱ्यांतल्या बायकांचा गट अगदी एकच नव्हता, पण सात वर्षांत नवरे एवढे बिघडले असंही नव्हे. 'मारलं का?' म्हटलं की बाई म्हणते, 'मारतो कुठं, एखादी थोबाडीत देतो तेवढंच.' तेवढंच मोजायला वेगळा प्रश्न लागला. तुकड्यांची ही पद्धत मुळात अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांची, 1979 सालची. ती फटके मोजते, धास्ती मोजत नाही, हा तिच्यावरचा आक्षेप मला पटतो.

विचारण्याचे नियमही कडक आहेत. एका घरात एकाच बाईला विचारायचं, तेही ती एकटी असताना. एकटी मिळाली नाही तर हा भाग सोडून द्यायचा. इकडच्या जुन्या घरात हे सोपं नाही. सोप्यातून माजघरात, माजघरातून परसात सगळं आरपार ऐकू जातं. पाहणी करणारी मुलगी चुलीपाशी बसून आवाज खाली आणते, तेवढ्यात सासू तांब्या न्यायला येते. मुलगी लगेच पोराच्या लसीचं विचारू लागते.

त्यासाठीही प्रश्नावलीत शेवटी जागा आहे. कुणी ऐकायला आल्यानं मुलाखत थांबवावी लागली का: नवरा, दुसरा पुरुष, दुसरी बाई. प्रत्येकापुढे तीन पर्याय: एकदा, एकाहून जास्त वेळा, नाही.