दाईच्या हातातले मणी



बैठकीत नवीन कामाची गोष्ट निघाली, की मागून एक वाक्य हमखास येतं, "आमचं आता काय शिकायचं वय आहे का बाई?" बोलणारी पन्नाशीच्या आसपासची असते. रोवणीला कंबर साथ देत नाही, तेंदूपत्त्याला पहाटे जंगलात जाणं होत नाही. जुनं काम सुटत चाललेलं, नवीन हाती नाही. अशा वेळी आम्हाला आपल्याच जिल्ह्यातल्या दाया आठवतात.

१९८६ साली डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग गडचिरोलीला आले आणि 'सर्च'चं काम सुरू झालं. जिल्हा वेगळा होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. लहान लेकरं न्यूमोनियानं, म्हणजे आपण ज्याला डब्बा म्हणतो त्यानं, दगावत होती. दवाखाना दूर, पावसाळ्यात नाले भरलेले. म्हणून १९८८ मध्ये गावातच औषध द्यायचं ठरलं. ते देणाऱ्यांमध्ये आरोग्य कर्मचारी होते, गावातले शिकलेले तरुण होते आणि दायाही होत्या.

दाया बाळंतपणात पक्क्या, पण बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. खोकणाऱ्या लेकराचा श्वास मिनिटाला पन्नासच्या वर गेला की न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं, अशी रीत. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर साठ. आता पन्नास मोजायचे कसे? घड्याळ बघायचं कसं? इथं कोणीही म्हणालं असतं, दायांना जमणार नाही, शिकलेल्या पोरी आणा. तसं झालं नाही. त्यांच्यासाठी एक साधन बनवलं. मिनिटभर चालणारी वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर हात आला, तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की पुरे.

आम्हाला या इतिहासात हीच जागा सगळ्यांत मोठी वाटते. बाईला नापास केलं नाही, परीक्षा बदलली.

आणि फरक पडला. या सगळ्यांनी मिळून ज्या ५८ गावांत काम केलं, तिथं न्यूमोनियाचे मृत्यू हजार मुलांमागे आठाच्या आसपास राहिले. जिथं हे काम नव्हतं त्या ४४ गावांत सतराच्या वर. १९९० साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आलं. पुढे ३९ गावांत आरोग्यदूत बाया तयार झाल्या. बाळंतपण दाईनं करायचं, नवजात बाळाला आरोग्यदूतनं बघायचं, अशी वाटणी झाली.

पण गोष्ट इथं गोड होत नाही. २००५ मध्ये आशाताईंची योजना आली. वय २५ ते ४५, शिक्षण आठवीपर्यंत. बाळंतपणंही दवाखान्यात गेली. ती जायलाच हवी होती, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण जिनं पन्नाशीत श्वास मोजायला शिकून घेतलं होतं, ती या चौकटीत कुठेच बसली नाही. आमच्या ओळखीची एक म्हातारी दाई पुन्हा निंदणाला जायला लागली. तिचा हात कसला, हे गावाला माहीत होतं, कागदाला नव्हतं.

यंदा आमच्या गटानं मोहफूल खरेदी केली. काट्यावर कोण बसणार? एका पन्नाशी उलटलेल्या ताईनं हात वर केला. लगेच कुजबुज झाली, तिला लिहिता येत नाही म्हणून. आम्हीही आधी गप्पच होतो, खोटं कशाला सांगा. मग दायांचे मणी आठवले. पाच किलोला एक चिंचोका, असं ठरलं. डब्यातले चिंचोके आणि आमची वही दोन बाजार बरोबर जुळली. तिसऱ्या बाजारी पाच किलोचा फरक निघाला. पुन्हा मोजलं. चिंचोके बरोबर होते, चूक आमच्या वहीत होती.