जुवाखालची दोन कार्डं

तिरोड्याहून भाच्याचा फोन आला तेव्हा जुलै संपत आला होता आणि गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी ऐन भरात होती. त्याला मात्र वेगळीच घाई होती. "मामा, दोन जुने कार्ड जोडून लावू का एकच नवं घेऊ?" गेम खेळायच्या संगणकासाठी त्याला जुन्या बाजारात जीटीएक्स १०७० या ग्राफिक्स कार्डांची जोडी मिळत होती. दोन्हींना जोडणारी पट्टीही सोबत होती. प्रत्येकात ८ जीबी मेमरी, म्हणजे दोन्ही मिळून १६ जीबी आणि वेगही दुप्पट, असा त्याचा हिशेब होता.

"एकच घे," असं मी लगेच सांगून टाकलं. फोन ठेवल्यावर वाटलं, याच्या प्रश्नाचा हा पुरा मान झाला नाही. एक काळ असा होता की जाणकार माणसंसुद्धा छातीठोकपणे "दोन घ्या" म्हणत. तो काळ कसा आला आणि कसा गेला, हे नीट सांगितल्याशिवाय माझा सल्ला त्याच्या गळी का उतरावा?

एक दमदार की अनेक साधे, हा वाद ग्राफिक्स कार्डांपेक्षा जुना आहे. महासंगणकांचे जनक सेमूर क्रे यांचा एक सवाल प्रसिद्ध आहे: शेत नांगरायला दोन दणकट बैल बरे की १०२४ कोंबड्या? अनेक छोटे प्रोसेसर जोडून मोठा संगणक उभा करण्याची कल्पना त्यांना पटत नसे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात एक गोष्ट लगेच दिसेल. क्रे यांनीही एक बैल मागितला नाही, त्यांनी जोडीच मागितली. जोडीचं बळ नांगराला लागतं, कारण दोघांच्या मानेवर एकच जू असतं आणि दोघं एकाच वेळी एकाच दिशेला ओढतात. एक बैल अडला तर दुसऱ्याचं बळही वाया जातं.

त्या जुवाचं गणित जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलं. कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी वेग ठरवतो. समजा कामातला दहावा हिस्सा एकानेच करायचा आहे. मग उरलेल्या कामाला दोघं लागले तरी वेग दुप्पट होत नाही, सुमारे १.८ पट होतो. हजार माणसं लावली तरी तो दहा पटीच्या पुढे जात नाही. कार्डांच्या जोडीचा पुढचा सगळा इतिहास या नियमाच्या सावलीत घडला.

कोंबड्यांच्या बाजूने एक ठाम उत्तर मात्र महाराष्ट्रातून गेलं. १९८० च्या दशकात भारताला हवा तो मोठा क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. तिची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे होती. ते आपल्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. १९९१ मध्ये संस्थेने परम ८००० उभा केला. त्यात एकही अवाढव्य प्रोसेसर नव्हता, ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर डझनांनी एकत्र जोडलेले होते. हे जमलं, कारण हवामानासारख्या गणितांचे तुकडे पाडता येतात आणि ते तुकडे पाडण्याची मेहनत पुण्यातल्या माणसांनी घेतली. तुकडे पाडायला माणूस हवा, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे सगळं तिथेच अडणार आहे.

घरच्या संगणकात ही कल्पना १९९८ मध्ये आली. थ्रीडीएफएक्स कंपनीने व्हूडू २ हे कार्ड आणलं आणि अशी दोन कार्डं जोडायची सोय दिली. तिला एसएलआय म्हणत. त्या एसएलआयचा अर्थ रोवणीच्या बांधीत उभं राहून चटकन कळतो. चिखल केलेल्या बांधीत बाया ओळीने उभ्या राहतात, प्रत्येकीची पात ठरलेली असते, हातात पऱ्ह्यांची जुडी असते आणि रोवत रोवत सगळ्या एकसाथ मागे सरकतात. व्हूडू २ ची जोडी पडद्यावरचं चित्र असंच वाटून घेई. पहिली ओळ एका कार्डाची, दुसरी दुसऱ्याची, तिसरी पुन्हा पहिल्याची. एकट्या कार्डाला ८०० बाय ६०० ठिपक्यांचं चित्र झेपत असे, जोडी १०२४ बाय ७६८ पर्यंत जाई. म्हणजे ७६८ ओळींपैकी ३८४ याच्या आणि ३८४ त्याच्या. एका बाईला शेजारणीच्या पातीत काय चाललंय याची वाट पाहावी लागत नाही, तसंच एका ओळीचं दुसरीवाचून अडत नसे.

खर्च मात्र मोठा होता. व्हूडू २ फक्त त्रिमितीय चित्रं काढत असे, म्हणून रोजच्या कामासाठी तिसरं कार्ड लागायचंच. तरीही तेव्हा बाजारात त्या जोडीला तोड नव्हती.

मग दोन गोष्टी बदलल्या. ग्राफिक्स कार्डासाठी एजीपी नावाची वेगवान खाच रुळली आणि मदरबोर्डवर ती एकच असे. दोन कार्डं बसवायला जागाच उरली नाही. दुसरं म्हणजे १९९९ मध्ये एनव्हिडिया या प्रतिस्पर्धी कंपनीचं जीफोर्स २५६ हे कार्ड आलं. आकृत्यांचे कोन आणि प्रकाशाचं गणित आतापर्यंत मुख्य प्रोसेसर करायचा, ते या कार्डाने स्वतःकडे घेतलं. आता ओळी वाटून घेतल्या तरी हे आधीचं गणित दोन्ही कार्डांना पूर्णच करावं लागणार होतं. अ‍ॅमडालचा न वाटता येणारा हिस्सा वाढला. थ्रीडीएफएक्सने २००० मध्ये एकाच कार्डावर दोन चिप बसवून व्हूडू ५ ५५०० काढलं, चार चिपचं व्हूडू ५ ६००० तर दुकानापर्यंत पोहोचलंच नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनी मोडीत निघाली आणि तिची मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेतली. एकेका चिपवर भर देणाऱ्याने जोडीवर भर देणाऱ्याला हरवलं होतं.

पण विकत घेतलेल्या सामानात एसएलआय हे नावही होतं. २००४ मध्ये पीसीआय एक्स्प्रेस ही नवी खाच आली, मदरबोर्डवर पुन्हा दोन लांब खाचा मिळू लागल्या आणि एनव्हिडियाने तेच नाव नव्या अर्थाने बाहेर काढलं. पुढच्या वर्षी एटीआय या प्रतिस्पर्धी कंपनीने आपली जोडणी, क्रॉसफायर, आणली. कामाची वाटणी आता वेगळी होती. ओळी वाटण्याऐवजी अख्खी चित्रं वाटायची: पहिलं चित्र या कार्डाने काढायचं, दुसरं त्याने. म्हणजे एका बांधीत बायांची एक टोळी आणि शेजारच्या बांधीत दुसरी. एटीआयने हा प्रयोग १९९९ मध्येच रेज फ्युरी मॅक्स या दोन चिपच्या कार्डावर केला होता.

या दुसऱ्या पर्वात जोडीने खरोखर चांगले दिवस पाहिले. २०१० मधलं उदाहरण घ्या. एनव्हिडियाचं सर्वांत मोठं कार्ड जीटीएक्स ४८० हे ४९९ डॉलरला आलं. काही महिन्यांनी जीटीएक्स ४६० आलं, त्याच्या १ जीबीच्या कार्डाची किंमत २२९ डॉलर. दोन ४६० मिळून ४५८ डॉलर होत आणि अनेक गेममध्ये ती जोडी ४८० च्या पुढे निघून जाई. तेव्हा "दोन घ्या" म्हणणारा चुकत नव्हता. शिवाय त्यात मध्यमवर्गीय घराला परवडणारी एक सोय होती: आज एक घ्या, वर्षभराने पैसे जमले की दुसरं लावा. भाच्याच्या मनात आजही बसलेला हिशेब तिथून आलेला आहे.

त्या हिशेबात दोन खोट होत्या. पहिली मेमरीची. दोन्ही कार्डांना सगळं साहित्य आपापल्या जवळ ठेवावं लागतं, म्हणून १ जीबी आणि १ जीबी मिळून गेमला १ जीबीच मिळे. भाच्याचे १६ जीबी प्रत्यक्षात ८ च आहेत.

दुसरी खोट सरासरीत लपलेली होती. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे दर चित्रामागे सुमारे १७ मिलिसेकंद. आता समजा एक चित्र ५ मिलिसेकंदांत आलं आणि पुढचं २८ मध्ये, मग पुन्हा ५, पुन्हा २८. सरासरी तीच ६० दिसते, पण डोळ्यांना गाडी गचके खात चाललीय असं जाणवतं. दोन कार्डांची चित्रं अशीच जोडीजोडीने येऊन आदळत. टेक रिपोर्ट या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक चित्राचा वेळ मोजायची पद्धत रूढ केली. २०१३ मध्ये एनव्हिडियाने एफकॅट हे साधन दिलं. ते प्रत्येक चित्राच्या कडेला रंगीत पट्टी उमटवतं. पडद्याकडे जाणारं चित्रण टिपून त्या पट्ट्या मोजल्या की कुठलं चित्र किती वेळ खरंच दिसलं ते उघड होतं. क्रॉसफायरची बरीच चित्रं पडद्यावर नुसती चिरोटीसारखी उमटत असल्याचं त्यात दिसलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एटीआयची मालक असलेल्या एएमडीला चित्रांचं अंतर सारखं राखणारा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढावा लागला.

हा दोष दुरुस्त होण्याजोगा होता. पुढचा नव्हता. धानाच्या शेतीत पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं. वरचीचं पाणी सुटल्याशिवाय खालच्या बांधीत चिखल करता येत नाही, मग टोळ्या कितीही असोत. नव्या गेमांची चित्रं अशीच झाली. कडा गुळगुळीत करण्याची आजची प्रचलित पद्धत आधीच्या चित्रातली माहिती वापरूनच पुढचं चित्र घडवते. आधीचं चित्र दुसऱ्या कार्डात असेल तर ते मागवावं लागतं, वाट पाहावी लागते. जोडीचा फायदा त्या वाट पाहण्यातच विरतो.

आणि इथे पुण्याची ती गोष्ट आठवावी: तुकडे पाडायला माणूस हवा. इतकी वर्षं हे काम कार्ड बनवणारे प्रत्येक गेमसाठी ड्रायव्हरमध्ये करत होते. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर गेम आणि कार्ड यांना जोडणारं डायरेक्टएक्स १२ आलं आणि नवी वाट वापरायची तर ही जबाबदारी गेम बनवणाऱ्यांवर आली. अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटीसारख्या एखाद्या गेमने ती मनापासून उचलली, त्यात तर दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डंही एकत्र चालत. बाकीच्यांनी पाठ फिरवली. मोठे गेम प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरही चालावे लागतात आणि तिथे ग्राफिक्सची चिप एकच. जोड कार्डवाल्या मूठभर ग्राहकांसाठी महिनोन्महिने कोण राबणार?

उतरण मग वेगाने झाली. २०१६ च्या जीटीएक्स १०६० वर जोडपट्टीची सोयच नव्हती. २०२० मध्ये आलेल्या घरगुती कार्डांपैकी फक्त आरटीएक्स ३०९० ला ती उरली. १ जानेवारी २०२१ पासून गेमसाठी नव्या एसएलआय जुळण्या ड्रायव्हरमध्ये घालणं एनव्हिडियाने थांबवलं. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० वरून ती सोयही गेली.

तरी अनेकांचं बळ खोटं ठरलं असं समजू नका. भाचा राहतो त्या तिरोड्यातला औष्णिक वीज प्रकल्प ३,३०० मेगावॉटचा आहे आणि तो ६६० मेगावॉटच्या पाच संचांचा मिळून आहे. पाचही संचांची वीज बिनबोभाट एकत्र मिसळते, म्हणून तिथे बेरीज पूर्ण होते. आरटीएक्स ४०९० च्या एका चिपमध्ये १६,३८४ छोटी गणनकेंद्रं आहेत, म्हणजे परमची कल्पनाच त्या एका कार्डाच्या पोटात नांदते आहे. फरक इतकाच की मेमरी सामायिक आहे, सगळी एकाच बांधीत आहेत. आणि सी-डॅकचा परम सिद्धी-एआय २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जगातल्या महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला, तो एनव्हिडियाची शेकडो ए१०० कार्डं एकत्र जोडून. कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम वाटता येतं आणि ते वाटणारी माणसं तिथे बसलेली आहेत.

म्हणून भाच्याला पुन्हा फोन केला आणि सविस्तर सांगितलं. तू ब्लेंडरमध्ये चित्रफिती बनवणार असशील तर दोन कार्डं अजूनही कामाची आहेत, तिथे काम वाटलं जातं. गेमसाठी मात्र नव्या खेळांत दुसरं कार्ड नुसतं बसून राहील. १०७० चं एक कार्ड १५० वॉट खातं, दोन म्हणजे ३००. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा ती सगळी उष्णता तुझ्याच खोलीत येणार. दुसऱ्या कार्डाचे पैसे चांगल्या पॉवर सप्लायला आणि हवा खेळती ठेवणाऱ्या कॅबिनेटला घाल.

काम वाटता येत असेल आणि वाटणारा कोणी असेल, तर जोडी घ्या. गेममध्ये आज या दोन्ही अटी पुऱ्या होत नाहीत. तिथे एकच कार्ड घ्या आणि ते झेपेल तितकं चांगलं घ्या.