शहराचं पिणं आणि रब्बीची पाळी : धरणातल्या पाण्याची वाटणी कशी होते?

रोहिणखेड (ता. मोताळा) : पावसाळा संपला की नळगंगा पट्ट्यातल्या शेतकऱ्याचा एकच सवाल असतो. यंदा कालव्याला किती पाळ्या सुटणार? याचं उत्तर फक्त धरण किती भरलं यावर ठरत नाही. त्यातलं किती पाणी नळासाठी राखून ठेवलं, यावरही ठरतं.

पहिला मान कुणाचा?
राज्यात पहिला मान पिण्याच्या पाण्याला आहे. 2003 च्या जलनीतीत त्यानंतर उद्योग आणि मग शेती होती. 2011 मध्ये हा क्रम बदलला. आता शेती दुसरी, उद्योग तिसरे.

हिशेब कधी होतो?
ऑक्टोबरच्या मध्याला धरणात किती साठा आहे, तो धरून. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली पिण्याच्या पाण्याचं आरक्षण ठरतं. शहरांसोबत गावांच्या नळयोजनांची मागणीही त्यात धरतात. उरलेल्या पाण्याच्या पाळ्यांवर कालवा सल्लागार समितीत चर्चा होते.

दलघमी म्हणजे किती?
1 दलघमी म्हणजे दहा लाख घनमीटर, म्हणजेच 100 कोटी लिटर. नळगंगा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे 69 दलघमी आहे. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज 135 लिटर धरतात, तर जल जीवन मिशनमध्ये गावासाठी 55 लिटर. या हिशेबाने एक लाख वस्तीच्या शहराला वर्षाला जवळपास 5 दलघमी लागतात. शहर वाढलं की हा आकडा वाढतो, धरण मात्र तेवढंच राहतं. वर उन्हाळ्यात बाष्पीभवन आणि तळाला गाळ, हे दोन वाटेकरी वेगळेच.

गळती शहरात, फटका शिवारात
अशा शहराच्या जुन्या पाइपलाइनमधून 20 टक्के पाणी गळालं, तर 1 दलघमी वाया गेलं. हेक्टरी 800 घनमीटर धरले तर तेवढ्यात 1,250 हेक्टरची एक पाळी होते. कालव्यात निम्मं मुरलं तरी 600 हेक्टर हरभरा भिजतो. म्हणून शहरातली फुटकी पाइपलाइन हा गावाच्याही कामाचा विषय आहे.

लातूरला काय झालं?
2016 मध्ये मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. सुरुवातीला दहा वाघिणी, नंतर पन्नास वाघिणींतून खेपेला सुमारे 25 लाख लिटर. आकडा मोठा वाटतो, पण चार लाखांच्या शहरात ते माणशी सहा-सात लिटरच. धरण आटल्यावर बाहेरून किती पाणी आणता येतं, याचं हे माप आहे.

वैनगंगेचं पाणी कधी?
गोसीखुर्दपासून नळगंगेपर्यंत सुमारे 426 किलोमीटरच्या नदीजोड प्रकल्पाला ऑगस्ट 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. काम मोठं आहे, वर्षं लागतील. तोवर आहे त्याच साठ्यात भागवायचं आहे.

गावाने काय करावं?
• गावची लोकसंख्या आणि जनावरं धरून पाण्याची मागणी ठरवा. सप्टेंबरातच ग्रामसभेचा ठराव करून पंचायत समितीला द्या, प्रत पाटबंधारे विभागाला. पोच घ्या.
• आरक्षण किती झालं आणि पाळ्या किती मिळणार, हे कळल्यावरच रब्बीचं पीक ठरवा. दोनच पाळ्या असतील तर गव्हापेक्षा हरभरा परवडतो.
• सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. आधी चौकशी करा.
• तलावातला गाळ उन्हाळ्यातच काढा. तलावात साठा वाढतो, शेताला माती मिळते.

मार्चमध्ये कालव्यावर जाऊन भांडण्यापेक्षा ऑक्टोबरच्या बैठकीआधी दिलेला एक कागद जास्त कामाला येतो.