तीन महिन्यांचा बादशहा

कर्जत तालुक्यातल्या आमच्या ठाकुरवाडीच्या वाटेवर अब्बांचं किराणा दुकान होतं. वाडीतल्या एका ठाकर आजीनं तांदळाच्या उधारीपोटी गळ्यातला चांदीचा रुपया काढून दिला होता. अब्बांनी तो विकला नाही. 'अमानत आहे, म्हातारी सोडवून नेईल,' म्हणायचे. त्यावर कागद ठेवून, शिसपेन्सिल घासून त्यांनी वहीत छाप तेवढा उतरवून घेतला. १९९१ साली मला बी.ए.च्या परीक्षेची फी भरायची होती. अब्बा गावी नव्हते. मी तो रुपया चांदीच्या भावानं मोडला.

छाप नीट वाचायला पुढं दहा वर्षं गेली. फारसी अक्षरं अर्धीच उठली होती, पण नाव लागलं : आझम शाह. टाकसाळ बुऱ्हाणपूर. साल पहिलं. दुसरं साल त्याच्या नशिबी नव्हतंच.

औरंगजेब मार्च १७०७ मध्ये अहमदनगरला वारला. त्याच महिन्याच्या १४ तारखेला, बकरी ईदच्या दिवशी, त्याचा मुलगा आझम तिथंच तख्तावर बसला. शुक्रवारच्या खुतब्यात नाव आणि नाण्यावर नाव, या बादशाहीच्या दोन खुणा. म्हणून दावेदार आधी टाकसाळ गाठी. उत्तरेकडे कूच करताना आझमनं शाहू महाराजांची सुटका केली. मराठ्यांच्या इतिहासाला तिथून वळण लागलं. जूनमध्ये आग्र्याजवळ जाजऊच्या लढाईत, भावाविरुद्ध लढताना, तो मारला गेला. दुसरा भाऊ कामबक्ष यानंही दक्षिणेत स्वतःच्या नावाची नाणी पाडली. १७०९ च्या जानेवारीत तोही संपला.

असले औटघटकेचे बादशहा आपल्याकडेच झाले असं नाही. रोमचा एक डोमिशियन सन २७१ च्या सुमारास गॉल प्रांतात सम्राट म्हणवून गेला. त्याचं १९०० साली फ्रान्समध्ये सापडलेलं नाणं बनावट ठरवलं गेलं होतं. २००३ साली इंग्लंडमध्ये त्याचं दुसरं नाणं निघालं, तेव्हा कुठं तो खरा ठरला.

आपल्या रायगडातही असा एक बादशहा राहून गेला. आझमचा सख्खा भाऊ अकबर १६८१ च्या जानेवारीत राजस्थानात बापाविरुद्ध उठला, त्यानं स्वतःला बादशहा जाहीर केलं, आणि डाव फसल्यावर दुर्गादास राठोडासह संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. खोपोलीहून पालीकडे गेलं की सुधागड दिसतो. त्याच्या पायथ्याच्या पाच्छापूरला दोघांची भेट झाली. पाच्छापूर म्हणजे पातशहापूर, असं सांगतात. तिथंही एक ठाकुरवाडी आहे.

मध्यंतरी आमच्या वाडीत आजीच्या नातवाला वहीतला छाप दाखवला. बादशहाची गोष्ट त्यानं शांतपणे ऐकून घेतली. मग विचारलं, "चाचा, उधारी किती होती?"

आकडा छापाखालीच लिहिलेला होता. चौदा रुपये. रुपया मोडून मला किती आले, ते मी त्याला सांगितलं नाही.